ज्याला कोणीच निवडलं नाही: जेम्स हॅरिसन आणि एनएफएलचं मागचं दार

आयपीएलच्या लिलावात एखाद्याचं नाव पुकारतात, कोणीच पॅडल वर करत नाही आणि तो 'अनसोल्ड' होतो, हे आपण दरवर्षी बघतो. पण त्या बिचाऱ्याचं नाव निदान पुकारलं तरी जातं. अमेरिकन फुटबॉलमध्ये जो 'अनड्राफ्टेड' राहतो ना, त्याचं नाव येतच नाही, तो घरी टीव्हीसमोर बसून शेकडो दुसरी नावं ऐकतो आणि मग कार्यक्रम संपतो, बस्स.

(फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही बरं का, हा हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा, लांबट चेंडूवाला. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना थँक्सगिव्हिंगला तो टीव्हीवर बघावाच लागतो आणि पहिली दोन वर्षं त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही.)

तर आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट किती विचित्र आहे ते लक्षात येणार नाही. एनएफएल, म्हणजे या फुटबॉलची अमेरिकेतली मोठी लीग, तिच्यात ३२ टीम. दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या मुलांची निवड होते, ७ राउंड, मागच्या वर्षी जी टीम सगळ्यात खराब खेळली तिला पहिला नंबर. इथे बोली लागत नाही, मुलाला टीम निवडता येत नाही, टीमने नाव घेतलं की त्या मुलाशी बोलायचा हक्क त्या टीमचा. ७ गुणिले ३२ म्हणजे २२४, वर काही जादा पिक्स वाटतात, असे साधारण अडीचशे-दोनशे साठ जण. २००२ साली २६१ होते. म्हणजे त्या वर्षी सगळ्या तज्ज्ञांनी, त्यांच्या स्टॉपवॉचनी, टेपांनी आणि वजनकाट्यांनी मिळून देशातली २६१ मुलं निवडली आणि त्यात ओहायोच्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीचा जेम्स हॅरिसन नव्हता.

सहा वर्षांनी, २००८ च्या मोसमात, तोच पोरगा अख्ख्या लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. असोसिएटेड प्रेसचा हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला अनड्राफ्टेड खेळाडू. मधल्या सहा वर्षांत काय झालं ती खरी गंमत आहे. 'मेहनत केली आणि मोठा झाला' एवढ्या वाक्यात ती गुंडाळायला माझा जीव होत नाही, कारण मेहनत तर सगळेच करतात हो.

आता त्याला घेतलं का नाही? उंची. हॅरिसन जेमतेम सहा फूट आणि वजन साधारण ११० किलो. आपल्याकडे हा माणूस दारातून आत आला तर आपण दोन पावलं मागे सरकू, पण तिथे हिशोब वेगळा. डिफेन्समध्ये अगदी पुढच्या रांगेत खेळायला तो हलका, आणि त्यामागच्या रांगेत, म्हणजे लाइनबॅकर म्हणून, तो बुटका वाटला. ना इकडचा ना तिकडचा. त्यांच्या भाषेत 'ट्वीनर' म्हणतात अशांना, आणि हा शब्द स्काउटच्या, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्या माणसाच्या, रिपोर्टमध्ये आला की समजायचं आपली फाइल खाली गेली.

कॉलेजही काही नामांकित नाही. अ‍ॅक्रन शहरातला मुलगा, चौदा भावंडांतला धाकटा, शाळेत भांडखोर म्हणून सस्पेंड झालेला, त्यामुळे मोठ्या कॉलेजांनी हात आखडता घेतला. केंट स्टेटमध्येसुद्धा तो 'वॉक-ऑन' म्हणून गेला, म्हणजे स्कॉलरशिप नाही, या आणि जमलं तर खेळा. योगायोग बघा, त्याच काळात केंट स्टेटमध्ये अँटोनियो गेट्स नावाचा एक पोरगा बास्केटबॉल खेळत होता, तोही पुढे ड्राफ्टशिवाय एनएफएलमध्ये घुसला आणि आता हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्या कॉलेजच्या पाण्यात काहीतरी असणार.

ड्राफ्ट संपला की दुसरा बाजार सुरू होतो आणि तो टीव्हीवर दिसत नाही. शेवटचं नाव घेतल्यावर लगेच टीमवाल्यांचे फोन एजंटांना सुरू होतात, 'तुमचा तो मुलगा अजून मोकळा आहे का, कॅम्पला पाठवा'. पैसे अगदी किरकोळ, करार कमीतकमी पगाराचा, पण एक गोष्ट चांगली की इथे मुलालाही टीम निवडता येते. हुशार एजंट काय बघतो, तर कुठल्या टीममध्ये आपल्या मुलाच्या पोझिशनला माणसं कमी आहेत. म्हणून काही एजंट चक्क म्हणतात की सातव्या राउंडच्या शेवटी निवडलं जाण्यापेक्षा न निवडलेलं परवडलं.

हॅरिसनला पिट्सबर्ग स्टीलर्सनी बोलावलं. आणि इथून पुढे 'कट' हा शब्द समजून घ्यावा लागतो.

उन्हाळ्यात प्रत्येक टीमकडे ९० पर्यंत पोरं असतात (हे आताचे आकडे), ऑगस्टच्या शेवटी त्यातली ५३ ठेवायची, बाकीच्यांना नारळ. ज्याला ड्राफ्टमध्ये वर घेतलंय त्याला साइनिंग बोनस दिलेला असतो, तो परत मिळत नाही, शिवाय ज्या साहेबाने त्याला निवडलं त्याची इज्जत अडकलेली असते, त्यामुळे तो मुलगा दोन वर्षं ढिला खेळला तरी 'शिकतोय अजून' म्हणून सांभाळून घेतात. अनड्राफ्टेडला काढायला काही लागत नाही. एक वाईट आठवडा आणि संपलं. सकाळी एक माणूस येऊन सांगतो, कोचने बोलावलंय, प्लेबुक (टीमच्या डावपेचांची वही) घेऊन ये. प्लेबुक घेऊन ये म्हटलं की समजायचं. या निरोप्याला तिकडे गमतीने 'टर्क' म्हणतात, आणि कॅम्पमध्ये पोरं त्याच्या पावलांच्या आवाजाला घाबरतात.

काढलेला माणूस मग 'वेव्हर'वर जातो, म्हणजे एक ठराविक मुदत असते त्यात बाकीच्या टीमपैकी कोणाला हवा असेल तर उचलावा. कोणी उचलला नाही तर त्याच टीमला तो परत 'प्रॅक्टिस स्क्वाड'मध्ये ठेवता येतो. प्रॅक्टिस स्क्वाड म्हणजे काय, तर आठवडाभर मैदानावर यायचं, पुढच्या प्रतिस्पर्ध्यासारखं खेळून आपल्या मेन पोरांना सराव द्यायचा, आणि मॅचच्या दिवशी साध्या कपड्यात बघत बसायचं. लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत राबायचं आणि पंगतीला मात्र पान नाही, तसंच.

हॅरिसनला स्टीलर्सनी २००२ आणि २००३ मिळून तीन वेळा कट केलं. पहिल्या मोसमात त्याच्या वाट्याला एकच मॅच आली. आणि खरं सांगायचं तर सगळा दोष कोचांचा नव्हता, हा माणूस प्लेबुकमध्ये गोंधळायचा, सरावात चूक झाली की वैतागून मध्येच थांबायचा, हात वर करून मला बाहेर काढा म्हणायचा. स्टीलर्सच्या डिफेन्सची पद्धत म्हणजे समोरच्याला कळूच द्यायचं नाही की या वेळी हल्ला कोण करणार आणि मागे कोण थांबणार. जाडजूड माणूस पुढे येतोय असं दाखवून मागे सरकायचा आणि भलताच कोणीतरी कोपऱ्यातून घुसायचा. म्हणजे नुसती ताकद असून भागत नाही, अकराच्या अकरा जणांचं काम डोक्यात लागतं. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.)

मग बाल्टिमोर रेव्हन्सनी घेतलं. त्यांनी त्याला पाठवलं जर्मनीत. हो, जर्मनीत! एनएफएलची तेव्हा युरोपात एक छोटी लीग होती, २००७ मध्ये बंद पडली, तिथे कच्चा माल पिकवायला पाठवायचे. २००४ च्या वसंतात हॅरिसन ऱ्हाइन फायर नावाच्या टीमकडून खेळला, परत आला, आणि रेव्हन्सनी त्याला कट केलं. चौथ्यांदा. वय २६. या वयात फुटबॉलपटूची अर्धी कारकीर्द झालेली असते आणि याची सुरूच झालेली नाही, तो दुसरं काहीतरी काम बघायच्या विचारात होता.

आणि मग क्लार्क हॅगन्सच्या हाताला लागलं.

हॅगन्स हा स्टीलर्सचा लाइनबॅकर. २००४ च्या कॅम्पच्या तोंडावर वजनं उचलताना त्याच्या हाताला दुखापत झाली, टीमला एक माणूस कमी पडला, आणि कोणाला बोलवायचं तर निदान आपलं प्लेबुक थोडंफार माहिती असलेला हवा, म्हणून चौथ्यांदा हॅरिसनला फोन. मला ही कारकीर्द समजावून सांगायची असेल तर मी इथूनच सांगेन. अनड्राफ्टेडच्या नावाची जागा टीममध्ये नसतेच. दुसऱ्याची जागा रिकामी होईपर्यंत दाराशी उभं राहायचं आणि रिकामी झाली त्या मिनिटाला आपण तयार असायचं, एवढाच त्याचा मार्ग. त्यातला पहिला भाग नशिबाचा, त्यावर त्याचा काडीचा ताबा नाही.

हॅगन्स बरा होऊन आला तरी या वेळी हॅरिसन टिकला, कारण तो 'स्पेशल टीम'मध्ये राबत होता. किक मारली की जीव तोडून मैदानभर धावायचं आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवं करायचं, हे ते काम. यात नाव होत नाही, मार मात्र भरपूर, आणि बहुतेक अनड्राफ्टेड पोरांची रोजीरोटी यावरच चालते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडला मॅच होती. मॅच सुरू व्हायच्या आधीच, वॉर्म-अपमध्ये, स्टीलर्सचा स्टार लाइनबॅकर जोई पोर्टर आणि क्लीव्हलँडचा एक खेळाडू यांच्यात मारामारी झाली, पंचांनी दोघांनाही हाकलून दिलं, एकही चेंडू न खेळता! आणि ऐनवेळी पोर्टरच्या जागी हॅरिसन, करिअरमधली पहिली सुरुवातीपासूनची मॅच. पुढच्या वर्षी, २४ डिसेंबर २००५ ला, त्याच क्लीव्हलँडच्या मैदानात एक प्रेक्षक खेळ चालू असताना आत घुसला, तर हॅरिसनने त्याला उचलला, जमिनीवर आपटला आणि सिक्युरिटी येईपर्यंत दाबून धरला. स्टीलर्स ती मॅच ४१-० जिंकले पण लोकांना आठवतं ते हेच.

२००७ मध्ये नवे कोच माइक टॉमलिन आले, पोर्टरचा पगार जड झाला होता म्हणून टीमने त्याला सोडलं, आणि हॅरिसनला अखेर पक्की जागा मिळाली. वय २९ व्हायला आलं होतं. नोव्हेंबरमध्ये रेव्हन्सविरुद्ध, म्हणजे ज्यांनी जर्मनीहून आल्यावर काढलं होतं त्यांच्याविरुद्ध, त्याने एकाच रात्रीत साडेतीन सॅक केले, तीनदा चेंडू हातातून पाडायला लावला आणि एक पास मधल्यामध्ये पकडला. ३८-७. यापेक्षा चांगलं उत्तर तोंडाने देता येत नाही.

सॅक म्हणजे काय ते सांगायचं राहिलंच. समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य माणूस, त्याने चेंडू फेकायच्या आत त्याला मागेच गाठून पाडलं की तो सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर दोघांना अर्धा-अर्धा, म्हणून ते साडेतीन वगैरे. क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते, त्यातले कडेचे दोघे म्हणजे साडेसहा फुटाच्या आसपासचे, दीडशे किलोच्या घरातले. ही भिंत ओलांडायला तुमच्याकडे जेमतेम तीन सेकंद असतात.

आणि इथे तीच उंची कामाला आली. तालमीत गेलेल्याला हे सांगावं लागणार नाही, उंच पैलवानाला खालून पटात शिरणारा बुटका, जड पैलवान नको वाटतो. हॅरिसन एवढा खाली वाकून कडेने वळायचा की साडेसहा फुटाच्या माणसाला त्याच्या छातीवर हात लावायलाच मिळायचे नाहीत, त्याचे खांदे समोरच्याच्या काखेखालून निघून जायचे. मग करायचं काय, तर मागून मानेला, जर्सीला धरायचं, आणि ते फाउल. स्काउटनी टेप लावून जी दोन-तीन इंच कमी भरवली होती त्यांच्यावरच पुढची दहा वर्षं त्याने पोट भरलं. २००८ मध्ये १६ सॅक, तेव्हाचा टीमचा विक्रम.

आता १ फेब्रुवारी २००९. टँपा, सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, समोर अ‍ॅरिझोना कार्डिनल्स. स्टीलर्स १०-७ ने पुढे, पहिला हाफ संपायला १८ सेकंद, आणि कार्डिनल्स गोलपासून एक यार्डावर. एक यार्ड म्हणजे एक ढांग हो. ठरलेला डाव असा की हॅरिसनने थेट क्वार्टरबॅकवर धावून जायचं. पण त्याला वाटलं की एवढ्या जवळून चेंडू झटक्यात सुटणार, आपण पोचणारच नाही. त्याने एक पाऊल पुढे टाकल्यासारखं केलं आणि मागे सरकला, पास जिथे यायचा तिथे जाऊन उभा राहिला. चेंडू थेट त्याच्या हातात. २००२ मध्ये प्लेबुक डोक्यात शिरत नव्हतं तोच हा माणूस, आता प्लेबुकच्या पुढचं वाचत होता.

पुढे तो धावला. अख्खं मैदान. १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, अंगावर ११० किलो आणि सगळं चिलखत, कडेकडेने, टीममधली पोरं पुढे होऊन लोकांना आडवी करतायत, मागून लॅरी फिट्झजेराल्डसारखा जबरदस्त खेळाडू जीव खाऊन पळतोय, घड्याळ केव्हाच शून्यावर आलंय, आणि अगदी शेवटी दोन जण अंगावर असताना हा गोलमध्ये कोसळला. १४-१० अशी पिछाडी व्हायची त्याऐवजी १७-७. उठता येईना, नंतर बाकावर ऑक्सिजन लावला होता. स्टीलर्स २७-२३ ने जिंकले, म्हणजे तेवढेच पॉइंट कामी आले.

आणि तो पास फेकणारा क्वार्टरबॅक कोण, तर कर्ट वॉर्नर. तोसुद्धा अनड्राफ्टेड! एकेकाळी किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावायचा, तोही युरोपच्या त्याच लीगमधून वर आलेला. बरोबर सहा वर्षांनी, १ फेब्रुवारी २०१५ ला, माल्कम बटलर नावाच्या पोराने तसाच एक यार्डावरचा पास पकडून न्यू इंग्लंड पेट्रियट्सना सुपर बोल जिंकून दिला, तोही अनड्राफ्टेड, आधी फ्राइड चिकनच्या दुकानात काम केलेला. तारीखसुद्धा तीच. लिहिणाऱ्याने असं रचलं असतं तर लोक म्हणाले असते जरा जास्तच झालं.

२००९ च्या एप्रिलमध्ये हॅरिसनला सहा वर्षांचा करार मिळाला, ५ कोटी १० लाख डॉलरहून जास्त. पण एनएफएलचे करार आपल्या सरकारी नोकरीसारखे नसतात, जेवढ्याची गॅरंटी लिहिलीय तेवढं तुमचं, बाकीचं टीमच्या मर्जीवर.

हा माणूस संत वगैरे अजिबात नव्हता, ते लिहायलाच हवं. २०१० मध्ये डोक्याच्या दुखापतींवरून लीग कडक झाली आणि ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडच्या एका खेळाडूवर आदळल्याबद्दल त्याला ७५ हजार डॉलरचा दंड लावला (नंतर थोडा कमी केला). त्याच मॅचमध्ये त्याने जॉश क्रिब्सलाही असंच आडवं केलं होतं, आणि क्रिब्स कोण, तर त्याचा केंट स्टेटमधला टीममेट. चिडून हॅरिसन म्हणाला मी रिटायरच होतो. २०११ मध्ये परत हेल्मेटने धडक दिली म्हणून एका मॅचसाठी सस्पेंड. त्याचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं ज्यासाठी पगार दिलात त्यासाठीच आता दंड लावताय. त्यात थोडं तथ्य आहे, पण डोक्याला मार लागून म्हातारपणी स्वतःच्या पोरांची नावं विसरणारे खेळाडू बघितले की मला लीगचीच बाजू पटते, उशिरा का होईना.

२०१३ मध्ये पगारावरून जमलं नाही, स्टीलर्सनी सोडलं, एक वर्ष सिनसिनाटीला काढलं, तिथूनही सुट्टी. सप्टेंबर २०१४ मध्ये रीतसर निवृत्ती जाहीर केली. आणि तीन आठवडे झाले नसतील, स्टीलर्सच्या जार्व्हिस जोन्सला दुखापत झाली. जोन्स पहिल्या राउंडमध्ये निवडलेला, हॅरिसनची गादी चालवायला आणलेला. परत फोन, परत रिकामी जागा, परत हाच. वय ३६.

त्यानंतर तो अजून तीन मोसम टिकला. माझी सगळ्यात आवडती मॅच त्याच काळातली, जानेवारी २०१७, कॅन्सस सिटी, प्लेऑफ. स्टीलर्स १८-१६ ने पुढे, तीन मिनिटं पण उरली नव्हती, आणि कॅन्सस सिटीने बरोबरीचे दोन पॉइंट मिळवले. पण पिवळा रुमाल पडलेला. त्यांचा एरिक फिशर हॅरिसनला धरून बसला होता, फाउल, पॉइंट रद्द, पुन्हा प्रयत्न केला तो फसला आणि मॅच गेली. फिशर म्हणजे २०१३ च्या ड्राफ्टमधला एक नंबर, अख्ख्या देशातून पहिला उचललेला. आणि त्याच्या काखेखालून निघालेला हा ३८ वर्षांचा, कोणीच न उचललेला.

शेवट मात्र गोड झाला नाही. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी पहिल्या राउंडमध्ये टी. जे. वॉट नावाचा पोरगा घेतला, हॅरिसनच्याच पोझिशनचा, आणि हा बाकावर. डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या दोन दिवस आधी टीमने त्याला काढलं, तीन दिवसांत तो पेट्रियट्सकडे, म्हणजे पिट्सबर्गच्या लोकांच्या डोक्यात जाणाऱ्या टीमकडे गेला. जुने साथीदार उघड नाराज झाले, त्यालाच जायचं होतं म्हणाले. तिथे पहिल्याच मॅचमध्ये दोन सॅक केले, सुपर बोलही खेळला, पण फिलाडेल्फियाकडून हरले. एप्रिल २०१८ मध्ये थांबला, आता खरोखरचा. एकूण ८४.५ सॅक, त्यातले ८०.५ स्टीलर्ससाठी, तो टीमचा विक्रम.

तो विक्रम सप्टेंबर २०२३ मध्ये मोडला. मोडणारा टी. जे. वॉट, आणि समोर टीम होती क्लीव्हलँडची.